काचेच्या कोपऱ्यातला ठिपका

मी स्वभावानं संशयी आहे. कुणाला दमा असतो, कुणाला गुडघेदुखी, तसं मला हे आहे, आणि ते वडिलांकडून आलेलं आहे. बाबा अमरावतीच्या कोर्टात वकिली करत. कोर्ट संध्याकाळी सुटे, बाबांची उलटतपासणी मात्र सुटत नसे. दूधवाल्यानं एखाद्या दिवशी घट्ट दूध घातलं, तर काल पातळ का होतं याचा त्याला खुलासा करावा लागे. पाहुणा येऊन गेला की तो का आला, याच वेळी का आला आणि जाताना मागे वळून का पाहत होता, यावर जेवताना चर्चा होई. आपणहून मदतीला येणाऱ्या माणसाबद्दल तर त्यांना खात्रीच असे की याचं काहीतरी शिजतंय. त्या घरात मी बावीस वर्षं वाढले. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा एकटीचा दोष नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. आता सांगत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईची एक कंपनी अकोल्यात कचेरी उघडणार होती. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांना, म्हणजे जिनांना, सल्ला देणं हा तिचा धंदा. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर किती तास खोळंबतात, ओला कापूस किती येतो, कोणतं यंत्र रिकामं बसतं, हे पाहून मालकाला सांगायचं.

"मालकाला त्याच्याच कारखान्याची माहिती सांगायची? आणि त्याबद्दल तो फी देणार?" बाबा म्हणाले. ते स्वतः लोकांना त्यांच्याच भांडणांबद्दल सल्ला देऊन घर चालवत होते, पण हे मी बोलले नाही.

जागा एकच होती. मुलाखतीच्या आधी हातानं काम करून दाखवायची चाचणी होती. कापसाच्या गाड्यांच्या नोंदी असलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मिळणार, त्यावरून मोठा तक्ता करायचा, आडव्या आणि उभ्या बेरजा जुळवायच्या, आणि मग तक्त्यातलं सार तीन काचांवर चितारायचं. काचा म्हणजे स्लाइड. मॅजिक लँटर्नमध्ये घातल्या की त्या भिंतीवर मोठ्या दिसत आणि मालक मंडळी खुर्चीत बसून बघत. ही नोकरी मला हवीच होती. नाही मिळाली तर बाबांच्या कचेरीत बसून अर्जांच्या नकला करायच्या, असं घरी ठरून गेलं होतं. त्या खोलीत बसायच्या नुसत्या कल्पनेनं माझा जीव घुसमटे.

जाहिरात आली त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी घरी आली. चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातली. अमरावतीला वसतिगृहात राहून माझ्याबरोबरच गणित घेऊन बी.ए. झाली होती. चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, तरी तिला मैत्रीण म्हणायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. उंच, सावळी, मोठ्यानं हसणारी. बेरीज तोंडी करायची. मी कागदावर हातचे मांडत असेपर्यंत तिचं उत्तर तयार असे.

"मीबी अर्ज केला," ती म्हणाली. "आपन संगंच तयारी करू. तुहा हात चांगला हाय चित्रात, माह्या बेरजा चांगल्या हाय."

"जागा एकच आहे," मी म्हटलं.

"मंग? ज्याले भेटंन त्याले भेटंन."

ती गेल्यावर बाबांनी चष्मा काढला. "ती तुझ्याकडे का आली?" ते म्हणाले. मी रात्रभर तोच विचार केला.

अकोल्याला जठारपेठेत माझी मावशी राहायची. चाचणी तिथल्याच एका जिनमध्ये होती, म्हणून आम्ही दोघी पंधरा दिवस आधी तिच्याकडे जाऊन राहिलो. मावशी पान खाणारी, बोलघेवडी बाई. तिला ही मुलगी पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिनं पोळ्या लाटायला घेतल्या. मावशीला ती इतक्या लवकर का आवडावी, हेही मला खटकलं.

सरावाला चिठ्ठ्या कुठून आणायच्या? त्या मुलीनंच तोड काढली. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाच्या गाड्यांची जिनसमोर रांग लागलेली. आम्ही वही घेऊन फाटकाशी झाडाखाली बसलो. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता आत गेली, कापूस कोरडा की ओला, गाव कोणतं, हे टिपायचं. पण दोन बाया वही घेऊन बसलेल्या पाहून गाडीवाले आमच्यापेक्षा संशयी झाले.

"कोन्या खात्याच्या व्हय बाई तुमी?"

"कोणत्याच नाही. गाव कोणतं तुमचं?"

"कावून पायजे?"

मी गाव विचारलं की कुणी सांगत नसे, किंवा तिसरंच सांगे. एकानं बाळापूर सांगितलं आणि मागच्या गाडीवाल्यानं त्याच वेळी दुसऱ्याच गावाच्या नावानं त्याला हाक मारली. ती विचारायला गेली की बैलाच्या शिंगांवरून, चाकाच्या लोखंडी धावेवरून बोलणं सुरू करी आणि गाव, वेळ, ओला कापूस सगळं घेऊन येई. मग संध्याकाळी मावशीच्या ओसरीवर आम्ही फुलस्केप कागद खळीनं जोडून तक्ता आखायचो. ती आकडे सांगे, मी भरी. ती बेरीज सांगे आणि मी ती कागदावर पुन्हा करून बघे.

"बरोबर हाय ते," ती पहिल्यांदा म्हणाली.

"बघते."

"दोनदा पाह्यलं तू."

तिसऱ्या दिवशी तिनं त्यावर बोलणं सोडून दिलं. मी बेरीज करीत असताना ती आभाळाकडे बघत बसे. पंधरा दिवसांत तिची एकही बेरीज चुकली नाही. त्याचाही मला त्रास झाला, कारण ती मला चुकीचे आकडे देत नसेल तर मग तिचा डाव दुसरा कोणतातरी असणार.

काचांचं काम माझं. एका फोटोवाल्यानं जुन्या निगेटिव्हच्या काचा दिल्या. सोड्याच्या गरम पाण्यात घालून त्यांच्यावरचा चेहऱ्यांचा पापुद्रा काढला आणि कंपनीनं कळवलेल्या मापाचे चौकोन त्याच्याकडूनच कापून घेतले. चारही बाजू सारख्या. काळ्या शाईत डिंकाचं पाणी टाकलं की ती काचेवर धरते. मी गाड्यांच्या ओळी काढी, उभे पट्टे काढी, खाली तास लिही. आमच्याकडे लँटर्न नव्हता, म्हणून काच खिडकीच्या उजेडात धरून बघायची. माझ्या काचा सुबक व्हायच्या. तिच्या गाड्यांना बैल आहेत की शेळ्या, हे विचारावं लागे. मी तिला कुंचला कसा धरायचा ते दाखवलं, पण पट्टे सरळ येण्याची माझी एक युक्ती होती, ती सांगितली नाही.

एके दिवशी दुपारी जिनच्या फाटकाशी एक मध्यमवयीन माणूस टांग्यातून उतरला. टांग्यात एक मोठी लाकडी पेटी. त्याला पाहताच ती वही टाकून धावली. दोघं हसत होते. मी लांबून बघत होते. बोलता बोलता त्यानं उजव्या हाताचा अंगठा वर धरला, दोनदा हलवला, आणि तिनं समजल्यासारखी मान हलवली.

"कोण होता?" ती परत आल्यावर मी विचारलं.

"मामा हाय."

"सख्खा?"

"नाई वं. आमच्या गावात सारेच त्याले मामा म्हनत. आता या कंपनीत लागला."

मी वही मिटली. "आणि अंगठा कशाला दाखवला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कोणत्या सुरात विचारलं हे मला आज ऐकू येतं. बाबा साक्षीदाराला विचारत, अगदी तसं.

"तू वकिलाची पोट्टी व्हय ना," ती म्हणाली. "काढ शोधून."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. काच पुरी झाली की ती मावशीच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घ्यायची आणि काचेच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका द्यायची. दर काचेवर, त्याच कोपऱ्यात.

"हे काय?"

"तीट लावली. नजर नाई लागत." आणि हसली. "आन तुह्याबी काचा, लावून देतो."

"माझ्या काचांना हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मावशी पान जुळवत होती, तिचा हात थांबला. त्या मुलीनं बोटावरचा चुना पुसला. डब्याचं झाकण लावलं आणि आत निघून गेली.

मी बाबांची मुलगी. मला सगळं लख्ख दिसलं. चाचणीत उमेदवारांची नावं नसणार, नुसते नंबर असणार, हे पत्रात लिहिलंच होतं. मग कोणाच्या काचा कोणाच्या हे कंपनीतल्या मामाला कसं कळणार? कोपऱ्यात पांढरा ठिपका. अंगठा दाखवण्याइतकी साधी खूण. माझ्याकडून चित्र शिकायचं, माझ्याच मावशीच्या डब्यातला चुना घ्यायचा आणि माझ्याच तोंडचा घास काढायचा. मी इतकी चिडले की त्या दिवशी जेवले नाही. तिनं माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं, तर तेही मला नाटक वाटलं.

चाचणी जिनच्या लांबलचक कचेरीत झाली. आम्ही सहा उमेदवार, त्यात बाया आम्ही दोघीच. मला दोन नंबर मिळाला, तिला पाच. सकाळी तक्ता झाला. तिनं सगळ्यांच्या आधी संपवला आणि हाताची घडी घालून बसून राहिली. मग काचा. त्यात मी पहिली. तिन्ही काचा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात माझ्या नंबराखाली वाळत ठेवल्या आणि जागेवर येऊन तक्त्याच्या बेरजा पुन्हा तपासायला घेतल्या. थोड्या वेळानं मान वर केली तर ती कट्ट्याशी वाकलेली. स्वतःच्या काचा ठेवायला गेली होती, पण माझ्या काचांपाशी जरा जास्तच वेळ उभी होती. माझे पट्टे बघून घेतेय, मी मनात म्हटलं. घे, बघून घे.

कारकून आला. पहिल्या तीन नंबरांच्या काचा तबकात घालून आत घेऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "चहा आहे बाहेर. बाकीच्या मी परत येऊन नेतो."

सगळे बाहेर गेले. मी पिशवी शोधायचं निमित्त करून मागे राहिले. कट्ट्यावर पाच नंबरच्या तीन काचा होत्या. गाड्या अजून शेळ्यांच्याच होत्या. आणि तिन्ही काचांवर, त्याच कोपऱ्यात, तो पांढरा ठिपका; चुना ती सोबत घेऊनच आली होती.

मी अंगठा जिभेवर ओला केला आणि पुसला. एक, दोन, तीन. चुना ओल्या बोटानं चटकन निघतो. वाईट वाटत नव्हतं. उलट आपण एक लबाडी वेळेवर पकडली, असंच वाटत होतं. बाबांना हे सांगता येईल, हाही विचार मनात येऊन गेला.

मग आम्हाला कापसाच्या गोदामात नेलं. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. पुढे दोन-तीन जिनचे मालक, शेजारी मुंबईचे साहेब. मागे लाकडी पेटीतून निघालेला लँटर्न आणि त्याच्याशी तो मामा. मी त्याच्याकडेच डोळे लावून होते. आता बघू, कशी खूण ओळखतो.

एक नंबरची काच भिंतीवर आली ती उलटी. गाड्या वर, चाकं आभाळाला. मालक हसले. मामानं काच काढून फिरवली तर अक्षरं आरशातल्यासारखी. तिसऱ्यांदा कुठे सुलट झाली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दोन नंबर. माझा. पहिली काच पडली ती सरळ. तासांचे पट्टे, गाड्यांची रांग, सगळं जागच्या जागी. दुसरीही सरळ. तिसरीही. मामानं एकदासुद्धा काच फिरवून बघितली नाही. मालकांपैकी एक जण पुढे वाकून म्हणाला, "हे बरं समजून राह्यलं." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल क्षणभर. पण काच चारही बाजूंनी सारखी, अंधारात हाताला काही कळत नाही, मग माझ्याच तीन काचा सरळ कशा पडल्या? माझा संशय, जो कधी झोपत नसे, तो उठून माझ्याकडेच बघायला लागला.

तीन आणि चार नंबर उलटसुलट झाले. पाच नंबरला मामानं पहिली काच हातात घेतली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि थांबला. दुसऱ्या कोपऱ्यावर फिरवला. मग अंधारात उमेदवारांच्या बाकाकडे बघितलं. काच आडवी पडली. मग उलटी. शेळ्यांसारखे बैल आभाळात पाय करून उभे, आणि मालक खो खो हसले. दुसरी काचही तशीच गेली. तिसरी साहेबांनी लावूच दिली नाही. "पुरे," ते म्हणाले. सहा नंबरच्या काचाही उलटसुलट झाल्या. ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

तासाभरानं साहेबांनी मला आत बोलावलं. "पाच नंबरचा तक्ता सगळ्यात चांगला होता," ते म्हणाले. "एक चूक नाही. पण मालकासमोर काच उलटी पडली की आपला सल्ला तिथंच संपला. लँटर्नमध्ये काच उलटी घालावी लागते, तेव्हा ती भिंतीवर सुलट दिसते. अंधारात बाजू कळायला घालणाऱ्याच्या अंगठ्याखाली खूण यावी लागते. सहाजणांत फक्त तुम्ही ती केली होती. कुठे शिकलात?"

त्यांनी माझ्या काचा टेबलावर ठेवल्या. तिन्हींच्या कोपऱ्यात चुन्याचा बारीक पांढरा ठिपका होता. वाळलेला, नीट, एकाच मापाचा.

"अशीच," मी म्हटलं. "बघून बघून."

साहेबांनी हात पुढे करून अभिनंदन केलं.

बाहेर ती कडुलिंबाखाली दोघींचे जेवणाचे डबे घेऊन बसली होती. मला पाहून उठली. "झालं?" मी मान हलवली. ती खरंच हसली. तिचे डोळे भरलेले होते, तरी ती हसली. तिच्या घरी काय ठरलं होतं ते मला ठाऊक होतं. ही नोकरी नाही मिळाली तर परत गावी, आणि मग कायमची गावातच.

"ठिपका तू लावलास?" मी विचारलं. "माझ्या काचांना?"

"हाव. शाळेत होतो तवा हा मामा गाडी घेऊन गावात ये. कापसावरच्या अळ्यांची चित्रं दाखवे भिंतीवर. मी त्याले काचा द्याले बसो. तवाच शिकवलं त्यानं, अंगठ्याखाली ठिपका पायजे म्हून. परवा भेटला तं त्यानं याद करून देली."

"मला सांगायचं होतंस."

"तुले सांगतलं असतं तं तू लावू देली असती काय?"

मी तिला चार वर्षांत किती वेळा हो म्हटलं होतं, ते आठवेना.

"माह्या मातर पुसल्या गेल्या," ती म्हणाली. "घामानं असंन. नाई तं कोनाचा हात लागला असंन."

"असेल," मी म्हटलं. वकिलाच्या मुलीला एवढंच सुचलं.

तिनं माझा डबा पुढे केला. मी घ्यायला हात लांबवला आणि तिची नजर माझ्या अंगठ्यावर थांबली. पेराच्या रेघांमध्ये चुना वाळून बसला होता, पांढरा, नखाच्या कडेपर्यंत. मी हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही. कशाला घेणार? तिला बेरीज करायला कागद लागत नसे.

फाटकातून एक गाडी आत गेली. मग तिनं डबा खाली ठेवला, पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला आणि म्हणाली, "आन हात. चुना ठेवू नोको हाताले, कातडी फाटते."

ती पाणी ओतत राहिली. मी अंगठा धुतला. नोकरीही घेतली.